शहजाद मसीहच्या गावात

इटारसी मागे पडलं आणि गाडी नर्मदेच्या पुलावर आली. समोरच्या आजींनी खिडकीतून नाणं टाकून हात जोडले, मीही जोडले. 1812 साली आमच्या नागपूरकर भोसल्यांची फौज शिंद्यांच्या फौजेसह नदीपलीकडच्या भोपाळला वेढा घालून बसली होती. आत लोक अन्नावाचून तडफडले, पण वजीर मोहम्मद खानांनी शहर पडू दिलं नाही. नागपुरात वाढूनही ही गोष्ट मला कुणी सांगितली नव्हती, याचं वाईट वाटतं.

मी आले होते ती मात्र त्यानंतरच्या एका कारभाऱ्यासाठी. बाल्थाझार बूर्बाँ. आपला पूर्वज फ्रान्सच्या राजकुळातून अकबराच्या दरबारी आला, असं हे घराणं सांगे. त्याला भक्कम पुरावा नाही. मला त्याहून मोलाचं वाटतं ते भोपाळने त्यांना दिलेलं नाव: हकीम शहजाद मसीह. 1818 साली रायसेनला इंग्रजांशी तह झाला, तेव्हा नवाबाच्या वतीने बोलणी करणाऱ्यांत ते होते.

दुपारी तलावाकाठच्या गौहर महालात शिरले. चौकात ऊन, वरच्या सज्जात गार सावली. हा महाल कुदसिया बेगमचा. 1819 च्या नोव्हेंबरात तिचा नवरा, नवाब नजर मोहम्मद, गोळी लागून गेला. वय अठराच्या आसपास, पदरात तान्ही सिकंदर, आणि गादीवर डोळा ठेवून बसलेले भाऊबंद. तिने पडदा दूर सारला आणि भर दरबारात सांगितलं, राज्य माझ्या मुलीचं. त्या वेळी तिच्या बाजूने ठाम राहिलेल्या कारभाऱ्यांत हा ख्रिस्ती हकीम होता आणि राजा खुशवक्त राय हा हिंदूही. त्या सज्जात मी बराच वेळ उभी राहिले. पोरसवदा विधवेच्या शब्दावर दौलत सोपवायला केवढी छाती लागली असेल! मधली थोडी वर्षं सोडली, तर पुढे 1926 पर्यंत इथे बेगमांनीच राज्य केलं.

बाहेर रिक्षावाल्याला शहजाद मसीहांबद्दल विचारलं. त्याने क्षणभर विचार केला. “दीदी, मसीह लोगों का गिरजा तो जहांगीराबाद में है. चलिए.”

मी बसले. डावीकडे तलाव चकाकत होता.