एक दिवस भिलाईसाठी

भिलाई म्हटले की डोळ्यांसमोर उभी राहतात ती पोलाद कारखान्याची धुराडी. शिक्षणासाठी विदर्भातून आलेली मुलेही बहुधा एवढीच ओळख घेऊन येतात. मग वर्ग, खोली आणि खानावळ यांतच वर्ष सरते. पण एखाद्या रविवारी चार-सहा जणांनी मिळून बाहेर पडावे. परका प्रांत आपलासा करायला एक दिवसही खूप काही देऊन जातो.

सहलीची सुरुवात पावर हाउस स्टेशनपासून करावी. नागपूरहून हावड्याकडे जाणाऱ्या लोहमार्गावर दुर्गच्या पुढे हे स्टेशन लागते. बाहेर गजबजलेला बाजार आहे. गरम पोहे-जिलबी खाऊन सकाळीच रायपूरच्या दिशेने देवबलोदा गाठावे. तेथील कलचुरीकालीन शिवमंदिराच्या भिंतींवरील कोरीवकाम सावकाश पाहण्याजोगे आहे. मंदिराला शिखर नाही, शेजारी कुंड आहे. शिल्पकाराने काम अर्धवट टाकून या कुंडात उडी घेतली, अशी कथा गावकरी सांगतात.

दुपारी मैत्रीबाग पाहावी. पांढऱ्या वाघांसाठी प्रसिद्ध असलेले हे प्राणिसंग्रहालय १९७२ साली भारत-सोव्हिएत मैत्रीचे प्रतीक म्हणून उभारले गेले. कारखान्याचा करार १९५५ सालचा. तेव्हा आपले तरुण अभियंते प्रशिक्षणासाठी सोव्हिएत देशात गेले, तर रशियन तंत्रज्ञ येथे येऊन राहिले. परमुलखात राहून शिकणे या शहराला नवे नाही.

जवळपास पंडवानीचा कार्यक्रम असेल, तर संध्याकाळ त्यासाठी राखून ठेवावी. हाती तंबुरा घेऊन गायक महाभारत उभे करतो आणि साथीदार हुंकार देत कथा पुढे नेतो. कीर्तनात वाढलेल्या मराठी कानांना हे मुळीच परके वाटत नाही. २०१९ साली पद्मविभूषण मिळालेल्या तीजनबाई भिलाईजवळच्याच गनियारी गावच्या. त्यांनी ही कला देशोदेशी पोहोचवली.

परतताना मात्र पावर हाउसच्या फलाटावर थोडे थांबावे. १ जुलै १९९२ रोजी जगण्यापुरते वेतन मिळावे आणि कामावरून काढलेल्यांना परत घ्यावे, या मागण्यांसाठी कामगार येथे रुळांवर बसले होते. पोलिसांच्या गोळीबारात त्यांतील १५ हून अधिक जण मरण पावले. आदल्याच वर्षी, २८ सप्टेंबर १९९१ रोजी, त्यांचे नेते शंकर गुहा नियोगी यांची भिलाईतच हत्या झाली होती. दरवर्षी १ जुलैला कामगार येथे जमून आपल्या साथीदारांना आदरांजली वाहतात.

देशभरच्या रेल्वेगाड्या भिलाईत घडलेल्या रुळांवरून धावतात. ते रूळ घडवणाऱ्या शहरातील कामगारांनी याच फलाटावर काय सोसले, हेही शिकायला आलेल्या मुलांना माहीत असायला हवे. ते कोणत्याही वर्गात शिकवले जात नाही.

हिवाळ्यातले दिवस या सहलीसाठी उत्तम. सोबत पाणी आणि पायांत चालायला सोयीच्या चपला असल्या की पुरे.