सदाशिव पेठेपासून मंतरवाडीपर्यंत

प्रवासवर्णन म्हटलें म्हणजे वाचकांस काशी, रामेश्वर, निदान महाबळेश्वर तरी अपेक्षित असतें. आमचा प्रवास त्यांतला नव्हे. तो आमच्या सदाशिव पेठेंतील घराच्या कचऱ्याच्या बादलीपासून निघाला आणि सासवडच्या वाटेवर संपला.

त्यास निमित्त झाला एक फुटलेला पेला. घरांतील कोणीतरी त्याच्या कांचा गोळा करून भाजीच्या देंठांत टाकल्या, आणि सकाळीं कचरा नेणाऱ्या बाईंचा तळहात चिरला. आम्ही हळद आणावयास धांवलों. त्या शांतपणें म्हणाल्या, “गुरुजी, कांच कागदांत गुंडाळून वर लाल खूण करा, एवढंच.” आमच्या घरांत सोवळें-ओवळें, उष्टें-खरकटें यांचा भेद तीन पिढ्या कसोशीनें पाळला गेला, परंतु जी वस्तु उंबरठ्याबाहेर गेली तिच्यांत कांहीं भेद करावा, हें आम्हां पंडितांस कधीं सुचलें नाहीं! “तुमचा कचरा कुठं जातो तें एकदां पाहायला या,” असें त्याच म्हणाल्या, म्हणून आम्ही गेलों.

पेठेच्या टोंकास एका पत्र्याच्या छपराखालीं पांच-सहा बायका बसल्या होत्या. पांढरा कागद, वर्तमानपत्रें, पुठ्ठा, पत्रा, बाटल्या यांचे ढीग निरनिराळे, कारण भंगारवाल्याकडे प्रत्येकाचा भाव निराळा. आमटीनें भिजलेल्या कागदास मात्र भाव नाहीं. दुधाची पिशवी धुवून वाळविलेली असेल तर विकली जाते. पण तिचा कोपरा कापून फेंकला कीं तो चिमुकला तुकडा कोणाच्याच हातीं लागत नाहीं. वेफरच्या चकचकीत पाकिटांत निरनिराळे थर एकत्र चिकटविलेले असतात, ते सुटे करणें अवघड. त्यामुळें तीं सहसा कोणी घेत नाहीं. आमच्या नातवंडांचा खाऊ त्या ढिगांत आम्हीं लगेच ओळखला.

या कष्टकरी वर्गाची ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ 1993 सालीं पुण्यांत स्थापन झाली, आणि तिच्यांतूनच उभ्या राहिलेल्या ‘स्वच्छ’ या सहकारी संस्थेनें 2008 सालीं महानगरपालिकेशीं करार करून घरोघरचा कचरा उचलण्यास आरंभ केला. त्यांतील बहुतेक जणी दलित समाजांतील. आमच्या सोवळ्याचा इतिहास त्यांस ठाऊक असणारच. कोणी तो काढला नाहीं. उलट आमच्यापुढें चहा आला. तो घेतांना आम्हांस आजोबांची आठवण झाली आणि आम्ही मनांतल्या मनांत ओशाळलों.

“आणि ज्याला भाव नाहीं, तें?” आम्हीं विचारलें. एकीनें हातानेंच पूर्वेकडे दाखविलें.

पुढच्या रविवारीं सासवडच्या गाडीनें हडपसर ओलांडून मंतरवाडीस उतरलों. हीच ज्ञानोबांच्या पालखीची वाट, पुढें दिवेघाट. फुरसुंगी व उरुळी देवाची या गांवांच्या शिवारांत पुण्याचा कचरा कित्येक वर्षें, ओला-सुका एकत्र, ओतला गेला. दडपलेला ओला कचरा हवेवांचून कुजतो. त्यांतून पेट घेणारा वायु निघतो आणि काळें पाणी जमिनींत झिरपतें. भोंवतालच्या विहिरी त्या पाण्यानें नासल्या. 2017 सालीं तेथें आग लागली, तेव्हां ग्रामस्थांनीं कित्येक दिवस गाड्या अडवून धरल्या होत्या. त्या दिवसांत आमच्या गल्लीच्या तोंडाशीं सांचलेल्या ढिगावरून आम्हींच त्या गांवकऱ्यांस दूषणें दिलीं होतीं, हें येथें कबूल केलें पाहिजे. रस्त्यावरच्या एका वृद्ध शेतकऱ्यास विहिरीविषयीं विचारलें. तो म्हणाला, “विहीर आहे कीं. पण पाणी टँकरचं पितों.” पुण्याहून आलों हें त्यास सांगावयास आमची जीभ रेटेना.

घरीं परतल्यावर ओसरीवर तीन बादल्या मांडल्या: ओला, सुका, आणि कांच, दाढीचीं पातीं, औषधें यांकरितां तिसरी. देंठें-सालीं आतां गच्चीवरील जुन्या पिंपांत वाळल्या पानांच्या थरांखालीं जातात. पहिल्या महिन्यांत पिंपास दुर्गंधि सुटली, शेजारीं कुरकुरले. पानें कमी पडत होतीं. आमच्या सौभाग्यवतींनीं कोपरा न तोडतां दुधाची पिशवी फोडण्याची हातोटी साधली आहे. आमच्या हातून तो अजूनहि तुटतो, आणि मग चष्मा लावून ओट्यावर शोधावा लागतो.