हातातले कसब आणि हातातला कागद

२६ सप्टेंबर २०२५ च्या दुपारी मी बपेऱ्यात होतो. भंडारा जिल्ह्याच्या तुमसर तालुक्यातील, मध्य प्रदेशच्या सीमेला टेकलेले हे गाव. शेतांत धान निसवू लागले होते. आमच्या शाळेतील एका शिक्षिकेच्या सासूबाई आजारी होत्या, त्यांची विचारपूस करायला गेलो होतो. घरात टीव्ही चालू होता. चंदीगडला मिग-२१ विमानांचा निरोप-समारंभ चालला होता. १९६३ साली भारतीय वायुदलात आलेले हे लढाऊ विमान बासष्ट वर्षांच्या सेवेनंतर त्या दिवशी निवृत्त होत होते. वायुदलप्रमुख ए. पी. सिंग यांनी स्वतः त्यातून उड्डाण केले आणि उतरलेल्या विमानांवर पाण्याचे फवारे उडवून त्यांना मानवंदना देण्यात आली.

शिक्षिकेचे पती टीव्हीसमोर उभे होते. मी म्हणालो, "भाऊ, बसा ना."

"फादर, विमान वर असताना आम्ही बसत नाही," ते म्हणाले. "खाली येऊ द्या, मग बसतो."

या गृहस्थांनी वीस वर्षे वायुदलात विमानांची देखभाल केली. निवृत्त होऊनही त्यांना आता नऊ वर्षे झाली. पण पायांतली सवय गेलेली नाही. त्यांच्याकडे पाहताना मला माझी एक जुनी चूक आठवली. तीच आज वाचकांपुढे मांडतो आहे.

२०१६ साली ते निवृत्त होऊन गावी परतले, तेव्हा वय अवघे चाळिशीच्या उंबरठ्यावर. दोन मुले शाळेत, आई वयस्क, निवृत्तिवेतन बेताचे. ते माझ्याकडे एक फाईल घेऊन आले आणि म्हणाले, "फादर, कुठे काही काम मिळाले तर पाहा." मी फाईल उघडलीही नाही. माजी सैनिक म्हटला की बँकेचा सुरक्षा रक्षक, हे समीकरण माझ्या डोक्यात पक्के होते. मी चार ओळींचे शिफारसपत्र लिहिले : माणूस प्रामाणिक, निर्व्यसनी आणि शिस्तीचा आहे. आठवड्याभरात त्यांना नोकरी लागली आणि मी समाधानाने हात झटकले. त्यांच्या आईने मात्र मला दारातच गाठले. "वीस वर्सं इमान सुदरवलं जी फादर, अन् आता का बँकेच्या दारात उभा राह्यल?" मी हसून वेळ मारून नेली. रक्षकाचे काम हलके नाही, हे खरेच. पण त्या माउलीचा प्रश्न कामाच्या प्रतिष्ठेचा नव्हता. आपल्या मुलाला जे येते ते कोणी विचारलेच नाही, हे तिचे दुःख होते.

ते मी विचारले, पण फार उशिरा. एकदा शाळेच्या विहिरीवरील पंप बिघडला. ते रविवारी आले, पंप उघडला, दुरुस्त केला आणि निघण्यापूर्वी आपली हत्यारे एका फडक्यावर ओळीने मांडून मोजली. मी म्हटले, "येथे कोण चोरणार आहे?" तेव्हा त्यांनी सेवेच्या आरंभीची एक गोष्ट सांगितली.

बेळगावजवळच्या सांबरा येथे वायुसैनिकांचे पायाभूत प्रशिक्षण होते. ते पूर्ण करून, पुढे आपल्या शाखेचे तांत्रिक शिक्षण घेऊन ते एअरफ्रेम फिटर झाले. विमानाचा सांगाडा, चाके, ब्रेक आणि हायड्रॉलिक नळ्या ही त्यांची जबाबदारी. एका रात्री काम आटोपल्यावर पेटीतला एक लहानसा पाना कमी भरला. विमान पहाटे उडायचे होते. गप्प राहिले असते तर कदाचित कोणालाच कळले नसते. पण विमानात राहिलेला पाना उड्डाणाच्या हिसक्यांनी सरकून नियंत्रणाच्या दांड्यांत अडकला, तर वैमानिकाला विमान वळवता येत नाही. त्यांनी वरिष्ठांना सांगितले. उड्डाण थांबले, झाकणे पुन्हा उघडली गेली आणि पहाटे दोन वाजता पाना सापडला. "त्या रात्री मला शिव्या पडल्या, फादर," ते म्हणाले, "पण सकाळी त्याच साहेबांनी माझ्या सहीवर विमान सोडले."

वायुदलात प्रत्येक विमानाची एक नोंदवही असते, तिला 'फॉर्म ७००' म्हणतात. कोणते काम झाले, कोणी केले, कोणी तपासले, हे तीत सह्यांनिशी लिहिले जाते. ती वही पाहून, स्वतः सही करून वैमानिक विमान ताब्यात घेतो. एका अनोळखी फिटरच्या अक्षरावर तो आपला जीव ठेवतो. सेमिनरीत आम्हांला रोज रात्री झोपण्यापूर्वी दिवसभराच्या आचरणाचा हिशेब घ्यायला शिकवले जाई. या माणसाने वीस वर्षे रोज संध्याकाळी हाच हिशेब पान्यांच्या आणि स्क्रू-ड्रायव्हरच्या रूपाने घेतला होता. आणि मी त्याचे वर्णन 'निर्व्यसनी' या एका शब्दात आटोपले होते!

मग मी साहजिकच विचारले, "तुम्ही नागरी विमानांकडे का गेला नाहीत?" नागपूर काही परके नाही. वायुदलाच्या मेंटेनन्स कमांडचे मुख्यालय तेथेच आहे आणि मिहानमध्ये एअर इंडियासाठी उभारलेला विमान-दुरुस्ती तळ २०१५ मध्ये सुरू झाला. त्यांनी शांतपणे समजावून सांगितले. नागरी विमान दुरुस्तीनंतर सेवेत सोडण्याची सही ज्याला करायची, त्याच्याकडे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचा परवाना लागतो. त्यासाठी विषयवार परीक्षा असतात. यांत्रिक शाखेचा परवाना वेगळा, विद्युत व इलेक्ट्रॉनिक उपकरणांचा वेगळा. आणि पुढे प्रत्येक जातीच्या विमानासाठी स्वतंत्र पात्रता मिळवावी लागते. लष्करातील अनुभव नियमांना अमान्य नाही. तो समतुल्य असल्यास धरला जातो, पण त्याशिवाय नागरी विमानांवरही काही काळ काम करावे लागते.

मला हा नियम प्रथम निष्ठुर वाटला. त्यांना तसा वाटत नव्हता. "मी लढाऊ विमान पाहिले, त्यात एक माणूस बसतो. प्रवासी विमानात दीडशे बसतात. त्यांची यंत्रणा वेगळी, त्यांचा कायदा वेगळा. उद्या तुम्ही म्हणाल, वीस वर्षे ट्रॅक्टर चालवला, आता रेल्वे चालवू द्या. तसे चालेल का?" चूक नियमाची नव्हती. चूक वेळेची होती. या परीक्षांची तयारी वर्दी अंगावर असताना करायला हवी होती. रजेवर आले की शेती, लग्ने आणि घराचे बांधकाम. 'पुढचे पुढे पाहू' म्हणता म्हणता वीस वर्षे सरली. चाळिशीत, घरखर्च अंगावर असताना, विशीतल्या मुलांबरोबर पहिल्या पायरीवर बसण्याइतकी सवड त्यांना उरली नव्हती.

त्यानंतर आम्ही दोघांनी दुसरे पत्र लिहायला घेतले. पहिले पत्र मी पाच मिनिटांत लिहिले होते. या दुसऱ्याला तीन संध्याकाळ लागल्या. त्यांनी वीस वर्षांत काय केले ते, लष्करी संक्षेप टाळून, कारखान्याच्या माणसाला कळेल अशा शब्दांत मांडायचे होते. ते करताना एक गोष्ट वर आली. धातूचा भाग न तोडता त्यातील तडा शोधण्याचे काम त्यांनी वर्षानुवर्षे केले होते. भाग स्वच्छ करून त्यावर लाल द्रव लावायचा, तो झिरपू द्यायचा, पुसून वर पांढरा लेप द्यायचा. तडा असेल तर तेथे लाल रेघ उमटते. डोळ्यांना न दिसणारी इजा अशी बोलू लागते. हीच चाचणी वीजकेंद्राच्या टर्बाईनला लागते, बॉयलरच्या सांध्यांना लागते. आणि आमच्या शेजारी, तिरोड्याला, ३,३०० मेगावॅटचे औष्णिक वीजकेंद्र उभे आहे. नागपूरकडे मौद्याचे आहे.

येथेही कागद लागलाच. एन.डी.टी. नावाने ओळखल्या जाणाऱ्या या चाचण्यांचे प्रमाणपत्र घ्यावे लागते. पण हा अभ्यासक्रम काही आठवड्यांचा होता, वर्षांचा नव्हता. त्यांनी रजा घेऊन तो केला, परीक्षा दिली आणि बँकेचे दार सोडले. आज वीजकेंद्रांचे संच वार्षिक दुरुस्तीसाठी बंद होतात, तेव्हा ते एका कंत्राटदाराबरोबर तपासनीस म्हणून जातात. काम बारमाही नाही, घरापासून दूर राहावे लागते आणि विमानांची आठवण अधूनमधून सलते. परंतु अहवालाखाली सही त्यांची असते.

आपल्या कुटुंबांतील जी मुले सैन्यदलांत आहेत, त्यांच्या आईवडिलांना म्हणूनच मी आग्रहाने सांगतो : मुलगा रजेवर आला की केवळ लग्नाचे बोलू नका; तू काय शिकलास आणि बाहेर त्याला कोणता कागद लागतो, हेही विचारा. प्रशिक्षणाची व कामाची प्रमाणपत्रे जपून ठेवायला सांगा. संरक्षण मंत्रालयाचे पुनर्वास महासंचालनालय निवृत्तीच्या सुमारास प्रशिक्षणाची सोय करते. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात नोंदणी होते. त्यांचा लाभ घ्या. २०२२ साली आलेल्या अग्निपथ योजनेत तर सेवा चार वर्षांची आहे. त्यानंतर जास्तीत जास्त २५ टक्के मुलांनाच पुढे कायम केले जाते, आणि बाहेर पडणाऱ्यांना निवृत्तिवेतन नाही. माझ्या मित्राला चुका करायला वीस वर्षे मिळाली. या मुलांना तेवढी मिळणार नाहीत. आणि आपण, पत्रे लिहिणारी माणसे, निदान फाईल उघडून पाहू.

चंदीगडच्या धावपट्टीवर शेवटचे विमान टेकले. चाके स्थिर होईपर्यंत त्यांनी नजर हलवली नाही. मग ते खुर्चीत बसले. आतून त्यांचा पुतण्या चहा घेऊन आला. वायुदलाच्या भरतीची तो तयारी करतो आहे. चहाचा कप खाली ठेवून काकांनी त्याला एक कोरी वही दिली.

"निवड झाली की पहिल्या दिवसापासून यात लिहायचे," ते म्हणाले. "काय शिकलो, कोणते काम केले, कोणी तपासले. रोज."

"आणि चुकलो तर?" पुतण्याने विचारले.

"ते आधी लिहायचे."