एक आज्ञा आणि चौसष्ट गीते

गतवर्षीच्या स्नेहसंमेलनापूर्वीची गोष्ट. आमच्या संगीताच्या गुरुजींनी शाळेसाठी रचलेली ६४ समूहगीते म्यूझस्कोअर या प्रोग्रामच्या साहाय्याने पाश्चात्त्य स्वरलिपीत संगणकावर लिहून ठेवली होती. गुरुजी त्याच वर्षी निवृत्त व्हावयाचे होते. प्रत्येक गीताचे छापण्याजोगे पीडीएफ पान आणि सरावासाठी मिडी फाइल तयार करण्याचे काम मजकडे आले.

एकेक फाइल उघडून मी कामास लागलो. पण पाचव्या गीतालाच कंटाळलो. तेव्हा दादाने मला संगणकाच्या काळ्या पडद्यावर आज्ञा लिहावयास शिकविले. आधी प्रोग्रामचे नाव, मग आडव्या रेघेस जोडून ‘ओ’ हे इंग्रजी अक्षर, पुढे नव्या फाइलीचे नाव आणि शेवटी मूळ फाइलीचे. हीच आज्ञा संग्रहातील प्रत्येक फाइलीस लागू कर, असे सांगणाऱ्या दोन शब्दांची भर घातली की काम आपोआप चालते.

मी मोठ्या ऐटीत आज्ञा दिली. काही वेळाने पाहतो तो एकच पान! नव्या फाइलीचे नाव मी सर्वांस एकच दिले होते. त्यामुळे प्रत्येक गीत आधीच्या गीतावर लिहिले गेले आणि फक्त शेवटचे उरले. मूळ फाइली सुरक्षित होत्या म्हणून निभावले. मूळ नावावरूनच नवे नाव घडवावे, अशी सुधारणा करताच ६४ पाने आणि ६४ मिडी फाइली तयार झाल्या.

आता मूळ फाइलींचे काय काम, असे वाटून मी त्या पुसून टाकावयास निघालो. गुरुजी म्हणाले, “आधी एक मिडी पुन्हा स्वरलिपीत उघडून पाहा.” पाहिले, तो डी फ्लॅटच्या जागी सी शार्प उमटलेला. मिडीत स्वरांची नावे नसतात, केवळ क्रमांक असतात. मध्य सप्तकातील या दोन्ही स्वरांचा क्रमांक ६१ च! शिवाय लहान मुलांनी श्वास कोठे घ्यावा, हे दर्शविण्यासाठी गुरुजींनी घातलेली स्वल्पविरामासारखी चिन्हे पार नाहीशी झाली होती.

मी खजील झालो. यंत्राने माझी आज्ञा अक्षरशः पाळली होती. काय गमावले जाईल, हे पाहणे मात्र माझे काम होते.

मूळ फाइलींच्या दोन प्रती काढून त्यांतील एक मी ग्रंथालयात ठेवली. संमेलनात पाचवीची मुले गायली, तेव्हा सर्वांनी एकाच ठिकाणी श्वास घेतला. गुरुजींनी वळून माझ्याकडे पाहिले व ते किंचित हसले.