घट्ट कसलेला बोल्ट

आमच्या घरी २००४ सालची मारुती आठशे आहे. अब्बांनी निवृत्तीच्या पैशातून घेतलेली. अब्बा गेले, गाडी राहिली. पंधरा वर्षे झाल्यावर नोंदणीचे नूतनीकरण केले, पर्यावरण कर भरला. शेजारी म्हणतात, "सर, आता भंगारात द्या." पण अम्मींना दर महिन्याला सेवाग्रामच्या दवाखान्यात न्यावे लागते, ऑटोत त्यांची कंबर धरते, आणि नवी गाडी घेण्याची सध्या ऐपत नाही.

गेल्या पावसाळ्यानंतर पुढच्या चाकाकडून खट-खट आवाज येऊ लागला. ब्रेक दाबला की गाडी डावीकडे ओढायची. मुलगा आयटीआयमध्ये मोटर मेकॅनिकचा ट्रेड शिकतो. त्याने खाली वाकून लोअर आर्मला पहारीने हिसका दिला आणि म्हणाला, "अब्बा, बुश गेलेत. दोन्ही बाजूंचे बदलू."

बुश म्हणजे मधे लोखंडी नळी आणि तिच्याभोवती रबर. चाक खाली-वर होताना आर्म हलतो. तो धक्का आणि पीळ हे रबर सोसते. वर्षानुवर्षांनी ते कडक होते, त्याला तडे जातात, मग लोखंड लोखंडावर आपटते.

रविवारी अंगणात काम काढले. विनोबा पवनारला जाण्यापूर्वी याच नालवाडीत राहिले आणि सूत कातून त्या मजुरीवर जगून पाहिले. हे आम्ही वर्गात किती वेळा शिकवले असेल. पण स्वतःचे हात ग्रीसने काळे करण्याची वेळ पहिल्यांदाच आली. मुलाने चाकांचे नट आधी सैल केले, गाडी जॅकवर उचलून घोड्यांवर टेकवली. नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली शिरायचे नाही, हे त्याने आम्हाला दोनदा बजावले. आर्म काढला, व्हाइसमध्ये धरला. एका बाजूने लहान सॉकेट, दुसऱ्या बाजूने पाइपचा तुकडा, असे दाबत जुना बुश बाहेर ढकलला. भोक पॉलिश पेपरने घासले. नव्या रबराला साबणाचे पाणी लावले. तेल लावले तर रबर फुगते.

आर्म बसवेपर्यंत संध्याकाळ झाली. पाहुणे यायचे होते. मुलगा म्हणाला, "अब्बा, हा बोल्ट आत्ता पूर्ण कसायचा नाही. गाडी चाकांवर उतरली की मग."

आम्ही म्हणालो, "घट्ट ते घट्ट. आत्ता काय आणि मग काय!" पान्याला पाइप लावला आणि दोन्ही बाजूंचे बोल्ट आम्हीच कसले. तो गप्प राहिला.

चार महिन्यांत आवाज परत आला. त्या दिवशी अम्मींसमोर आम्ही त्याला नको ते बोललो. "अर्धवट शिकून लोकांच्या गाड्या खोलणार तू?" तरीही तो गप्पच.

पुन्हा आर्म काढला. नव्या बुशचे रबर नळीभोवती गोल फाटले होते. मुलाने तो हातात घेऊन हळू आवाजात समजावले. गाडी उचललेली असताना चाक लोंबते, आर्म खाली झुकतो. तशातच बोल्ट आवळला की मधली नळी त्याच जागी पकडली जाते. गाडी जमिनीवर आली की आर्म वर येतो, नळी मात्र हलत नाही. रबर उभ्या गाडीतही पिळलेलेच राहते. खड्ड्यात आणखी पिळते.

वीस वर्षे आम्ही मुलांना सांगत आलो, की उत्तर माहीत असेल तर मोठ्याने सांगा. घरातल्या मुलाने सांगितले, तेव्हा आम्ही ऐकले नाही. ज्यांच्यासमोर बोललो होतो, त्या अम्मींसमोरच म्हणालो, "बेटा, गलती आमची होती." अम्मींनी आमच्याकडे पाहिले आणि त्याला म्हणाल्या, "चल, आधी जेवून घे."

दुसऱ्या वेळी गाडी जमिनीवर उतरवली, मग बोल्ट त्याने कसले. आम्ही टॉर्च धरला. नंतर व्हील अलाइनमेंट करून आणले.

परवा सेवाग्रामला जाताना मुलगा गाडी चालवत होता. रस्ता तसाच, खड्डे तेच. मागे पाहिले तर अम्मींना डुलकी लागली होती.