आगगाडी, कापूस आणि बटीक

मुलांनो, गुलामांच्या जहाजांबद्दल तुम्ही कुठे ना कुठे वाचलं असेलच. आफ्रिकेतली माणसं पकडायची, साखळदंडांनी जखडायची, जहाजाच्या तळाशी कोंबायची आणि अटलांटिक महासागर ओलांडून अमेरिकेत नेऊन विकायची. साधारण साडेतीनशे वर्षांत सव्वा कोटी माणसं अशी जहाजांवर चढवली गेली. त्यांतली सुमारे १८ लाख वाटेतच मेली.

हे मी आमच्या तळेगावच्या मुलांना सांगत होते, तेव्हा एक जण म्हणाला, ‘बाई, पण आपल्या तळेगावाचा याच्याशी काय संबंध?’ बाई ‘काहीच नाही’ म्हणतील आणि विषय संपेल, असं त्याला वाटलं असावं. मला मात्र प्रश्न इतका आवडला, की त्या दिवशीचा धडा तसाच राहिला!

तळेगाव दाभाडे म्हटलं, की आपण सेनापती खंडेराव दाभाडे, उमाबाई दाभाडे ही नावं घेतो. पण या प्रश्नाचं पहिलं उत्तर वाड्यात नाही, ते स्टेशनावर आहे. खंडाळा ते पुणे हा लोहमार्ग १८५८ साली सुरू झाला, तो तळेगावावरूनच. इंग्रजांनी रेल्वे घातली ती काय आपल्याला मामाच्या गावाला जाता यावं म्हणून? छे! त्यांना सैन्य हलवायचं होतं आणि कापूस न्यायचा होता.

कापसाचीच गोष्ट पाहा. इंग्लंडात मँचेस्टरच्या आसपास कापडाच्या शेकडो गिरण्या होत्या. त्यांचा पाऊण हिस्सा कापूस अमेरिकेतून येई, आणि तिथे तो पिकवत आणि वेचत गुलाम. १८६० साली अमेरिकेत जवळजवळ ४० लाख गुलाम होते. गिरणीवाल्यांना धास्ती वाटे, की उद्या तिथे काही उलटपालट झाली, तर कापूस आणायचा कुठून? म्हणून त्यांनी हिंदुस्थानात कापसाच्या मुलखापर्यंत रेल्वे न्या, असा लकडा लावला होता.

आणि झालंही तसंच. गुलामगिरीच्या प्रश्नावरून १८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं. दक्षिणेकडची बंदरं अडली आणि इकडे मुंबईत कापसाचे भाव कडाडले. आपले रूळ तोवर सोलापूरपर्यंत पोचले होते. त्या बाजूचा कापूस तळेगावावरून खंडाळ्यापर्यंत मजेत येई, पण पुढे बोरघाट! तिथे माल उतरवायचा, घाटातून खाली न्यायचा आणि पायथ्याशी पुन्हा आगगाडीत भरायचा. घाटातला मार्ग १८६३ साली खुला झाला. त्यासाठी २५ बोगदे खोदले. एका वेळी ४० हजारांहून अधिक मजूर तिथे राबत होते, आणि पटकीनं, सुरुंगांनी, दरडींनी हजारो माणसं मेली. हे मजूर गुलाम नव्हते बरं का, त्यांना मजुरी मिळत होती. हा फरक पुसायचा नाही.

कापसाच्या पैशानं मुंबई न्हाऊन निघाली. मुंबईचा राजाबाई टॉवर तुम्ही पाहिला असेल. तो ज्यांच्या देणगीतून उभा राहिला, ते प्रेमचंद रायचंद त्या वेळचे कापसाचे मोठे व्यापारी. १८६५ साली युद्ध थांबलं, भाव कोसळले आणि रातोरात कितीतरी जणांचं दिवाळं निघालं. त्यात प्रेमचंदही होते.

‘म्हणजे संबंध लांबचाच की!’ आमचा तो पठ्ठ्या म्हणाला. त्याच्या आवाजात थोडी सुटकाही होती.

मग मी मुलांना विचारलं, ‘मी काय तुझी बटीक आहे?’ हे कुणी घरी ऐकलंय का? पाच-सात हात वर झाले. कुणाची आजी म्हणते, कुणाची आई म्हणते. बटीक म्हणजे कोण, हे मात्र कुणालाच ठाऊक नव्हतं. बटीक म्हणजे विकत घेतलेली बाई. गुलाम. पेशवाईत त्यांना कुणबिणी किंवा बटकी म्हणत. दुष्काळात पोटासाठी विकलेल्या मुली, शिक्षा म्हणून गुलाम केलेल्या बायका, असं त्यांचं जिणं. मोठ्या वाड्यांतून दळण-कांडण, कोठीतली कामं, जनावरांचं शेण-पाणी त्या करीत. त्यांची किंमत रुपयांत ठरे आणि ती त्या काळच्या कागदपत्रांत नोंदलेली आहे. बटकीचं मूलही धन्याचंच! कंपनी सरकारनं १८४३ साली कायदा केला, की गुलामावरचा मालकी हक्क कोर्ट मानणार नाही. माणसाची खरेदी-विक्री गुन्हा ठरायला आणखी १९ वर्षं गेली.

वर्ग गप्प झाला. एका मुलीनं हळूच विचारलं, ‘मग शनिवारवाडा बघायला जायचं की नाही?’ जायचं की! दिल्ली दरवाजा पाहायचा, कारंजं पाहायचं. पण एवढ्या मोठ्या वाड्याचं दळण कुणी दळलं, हेही विचारायचं. अमेरिकेतल्या गुलामांसाठी डोळे भरून येणं सोपं आहे हो, कारण ते लांब आहेत. आपल्याच पुण्यातल्या बायकांबद्दल बोलायला जड जातं. काही पालकांनाही ते आवडलं नाही. ‘मुलांना हे कशाला?’ असं मला विचारलं गेलं. मला वाटतं, शब्द मुलांच्या कानावर पडतोच आहे, तर त्याचा अर्थही पडावा.

पुण्यात महात्मा फुल्यांनी हे दोन्ही धागे केव्हाच जोडले होते. अमेरिकेत १८६५ साली गुलामगिरी कायद्यानं संपली. १८७३ साली जोतीरावांनी ‘गुलामगिरी’ हे पुस्तक काढलं आणि ते अर्पण केलं कुणाला? काळ्या गुलामांना मुक्त करण्यासाठी झटणाऱ्या अमेरिकेतल्या सज्जनांना! आपल्या देशबांधवांनीही तो कित्ता गिरवावा आणि शूद्रांना दास्यातून सोडवावं, असं त्यांनी अर्पणपत्रिकेत लिहिलं. तळेगावापासून जेमतेम ३५ किलोमीटरवर हे घडत होतं.

आमच्या मुलांनी आता गावाच्या माहितीची एक वही केली आहे. दाभाड्यांची पानं भरून झाली, रेल्वेची चालू आहेत. ‘बटीक’ या शब्दाला दोन पानं राखून ठेवली आहेत. तुमच्या घरी हा शब्द कोण वापरतं, केव्हा वापरतं, ते आजीला विचारा आणि आम्हाला जरूर कळवा.