पाठीमागची धावपट्टी

डोळ्यांमुळे पायलटचं मेडिकल हुकलं आणि धुळ्याच्या गोंदूर विमानतळावर पोरांना उडायला शिकवणं सोडून मी लासलगावला परतलो. पण शेत दिसलं की तिथे विमान उतरेल का, हे बघायची खोड जात नाही. आमचा निफाड तालुका त्या दृष्टीने बेकार. द्राक्षबाग म्हणजे अँगल आणि तारांचं जाळं. कांद्याचे वाफे बरे, पण बांध चाक मोडणार. काढणी झालेलं रान मिळालं तर देव पावला.

१२ जून २०२५ ला अहमदाबादची दुर्घटना झाली, तेव्हा मार्केटात जो तो विचारायचा, ‘सर, मागे फिरता आलं नसतं का?’ ड्रीमलायनरचं मी काय सांगणार? पण शिकाऊंच्या छोट्या सेस्ना १५२ पुरता या प्रश्नाने मला जन्मभर छळलंय.

टेकऑफनंतर इंजिन बसलं तर समोरच उतरायचं, हे सोलोआधीच, म्हणजे पहिल्यांदा एकट्याने उडण्याआधीच, सगळ्यांना तोंडपाठ असतं. हाताला ते पाठ होत नाही. ६७ नॉटने चढताना नाक वर असतं. ताकद गेली की वेग गळतो. नाक लगेच दाबून ६० राखायचे, तर जमीन अंगावर येताना बघून हात योक मागेच ओढतो. थ्रॉटल मी खेचणार हे ठाऊक असलं की पोरगा चटकन नाक दाबतो; ठाऊक नसलं की नुसता माझ्याकडे बघत राहतो. ते दोन-तीन सेकंद कसे शिकवायचे, मला कधी उमगलं नाही.

मग मागची धावपट्टी खुणावते. नुसतं १८० अंश वळून ती मिळत नाही. विमान तिच्या बाजूला येतं, आणखी वळावं लागतं. ४५ अंश कललं की स्टॉलचा, म्हणजे पंखांचा आधार सुटण्याचा, वेग सुमारे १९ टक्के वाढतो आणि उंची तर उरलेलीच नसते.

हल्लीच्या सिम्युलेटरवाल्यांच्या पडद्यावर रान म्हणजे हिरवा रंग. ना बांध, ना विहीर, ना विजेची तार. २५ जुलै २०२२ ला इंदापूरच्या कडबनवाडीत एक सेस्ना शेतात कोसळलं. एकटी उडणारी शिकाऊ मुलगी वाचली. लोक तिच्या नशिबाबद्दल बोलत होते, मी फोटोत सऱ्या कुठल्या दिशेला आहेत ते शोधत होतो.

वळू नका, असं पोरांना दरडावायचो. भरपूर उंचीवर नेऊन, थ्रॉटल ओढून, वळून दाखवायचो आणि किती फूट गेले ते वाचायला लावायचो. धडा खरा होता. पण माझा हात किती सफाईने चालतो ते पोरांनी बघावं, ही हौसही होतीच. आज चष्म्यातूनही लिलावाच्या पावतीवरचा भाव धड वाचता येत नाही. तरी विचाराल तर सांगेन: पाचशे फुटांवरून कुणी वळू नये. मला मात्र जमलं असतं.